बोटभर फट

१

सकाळी शटर वर गेलं की सगळे आपापल्या मशीनकडे जातात आणि मी खिडकीकडे जाते. आमचा कारखाना म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीला दोन लेथ, समोर ड्रिलिंग, मागच्या कोपऱ्यात ग्राइंडिंग मशीन, आणि जिथून कोवळं ऊन येतं त्या खिडकीखाली माझं तपासणीचं टेबल. तयार झालेला प्रत्येक जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला सुटा भाग, माझ्या हाताखालून जातो. मी हो म्हटलं तर पेटीत, नाही म्हटलं तर ज्याने केला त्याच्याकडे परत. त्यामुळे कोणी ना कोणी माझ्यावर कायम फुगून बसलेलं असतं, आणि बहुतेक वेळा तो माझा नवरा असतो.

टेबलाच्या खणात एक लाकडी पेटी आहे आणि पेटीत व्हर्नियर कॅलिपर. ज्यांनी तो कधी हातात धरला नसेल त्यांच्यासाठी सांगते. एक पोलादी पट्टी, तिच्यावर मिलिमीटर आखलेले. तिच्यावरून सरकणारी दुसरी छोटी पट्टी, आणि टोकाला दोन जबडे, एक घट्ट बसवलेला, एक सरकणारा. जॉब जबड्यांत धरायचा आणि रेघा वाचायच्या. पण त्याआधी रोज रिकामे जबडे मिटवून बघायचे. आदल्या दिवशीचं तेल मऊ फडक्याने पुसायचं, सरकपट्टी मागे-पुढे करायची, मग जबडे हलकेच मिटवायचे. मिटताना बारीकसा आवाज होतो. टिक. मग व्हर्नियर खिडकीच्या उजेडात धरायचा. जबड्यांमधून उजेडाची रेघ दिसता कामा नये, आणि दोन्ही पट्ट्यांची शून्यं एकमेकांवर यायला हवीत. तसं झालं की यंत्र खरं बोलतंय, आता कामाला लागायचं.

माझी सकाळ म्हणजे तो टिक. पहिल्या चहाआधी तोच.

२

हा व्हर्नियर माझ्या सासऱ्यांचा. आम्ही त्यांना बाबा म्हणायचो. लग्न होऊन आले तेव्हा मला स्क्रू कुठल्या बाजूला फिरवला की निघतो एवढंही ठाऊक नव्हतं. घरात बसून मी कंटाळून जाते हे बाबांच्या लक्षात आलं. एक दिवस त्यांनी मला कारखान्यात नेलं, खिडकीशी उभं केलं आणि पेटी माझ्या हातात दिली. म्हणाले, "तुझा हात हलका आहे. भांडी ठेवतेस तेव्हा आवाज होत नाही. असा हात मला हवाय."

कोणी माझ्याबद्दल इतकं नीट काही पाहिलं असेल असं मला तोवर वाटलं नव्हतं. आजही भांडी ठेवताना ते वाक्य आठवतं.

त्यांनी मला सगळं शिकवलं. जबड्यांनी लोखंडाचा कीस काढायचा नाही. पट्टीने टेबलावर ठोकायचं नाही. गरम जॉब मोजायचा नाही, तो फुगलेला असतो, गार झाला की खोटं पाडतो. फिरता जॉब तर मुळीच मोजायचा नाही. आणि संध्याकाळी पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवताना जबडे पूर्ण मिटवायचे नाहीत, थोडी फट ठेवायची. "उन्हाने, गारठ्याने पोलाद फुगतं-आकसतं," ते म्हणायचे, "त्याला हलायला जागा नको?"

कारखान्यात ओरडायचं नाही, हाही त्यांचाच नियम. ओरडलं की माणूस दचकतो आणि दचकलेला हात मशीनमध्ये जातो. त्यामुळे कोणाची चूक होणार असं दिसलं की बाबा जवळ यायचे आणि काही न बोलता उजव्या हाताची तर्जनी मध्ये घालायचे. जबडे आणि जॉब यांच्यामध्ये. जबडे त्यांच्या बोटावर मिटायचे आणि आपण वर बघायचो. मग ते मान किंचित कलती करायचे, म्हणजे आधी ऐक. मशीन थांबलंय का, आवाज बरोबर येतोय का, ते ऐक आणि मग मोज.

त्या बोटाचं नख मधोमध दुभंगलेलं होतं. माझा नवरा तरुण असताना एकदा फिरत्या शाफ्टला, म्हणजे लोखंडी गजाला, व्हर्नियर लावायला गेला, तेव्हा बाबांनी बोट मध्ये घातलं. नख पुन्हा वाढलं ते दोन भागांत वाढलं. ह्यांना घाई फार, तेव्हाही आणि आत्ताही. पायाला भिंगरी लावूनच जन्माला आलेत.

बाबा शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळले होते. एक दिवस हे औषध आणायला बाहेर गेले तेव्हा बाबांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, "त्याची घाई एक दिवस त्याला खाईल. आता मध्ये बोट घालायला मी नाही. तू बघत जा."

मी हो म्हटलं. त्यांना बरं वाटलेलं मी पाहिलं.

३

बाबा गेल्याला वर्षही झालं नव्हतं तेव्हा शाफ्टची एक मोठी ऑर्डर आली आणि ग्राइंडिंग मशीनला नवं चाक लागलं. ग्राइंडिंगचं चाक म्हणजे दळलेल्या दगडाची जाड चकती, ती प्रचंड वेगाने फिरते आणि लोखंडाला घासून चकचकीत करते. नवं चाक बसवायच्या आधी ते वाजवून बघायचं असतं. दोरीला टांगायचं आणि स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच टोला द्यायचा. टण् असा आवाज घुमला तर चाक चांगलं. ठप्प असा मेला आवाज आला तर आत कुठे तरी भेग आहे, आणि भेगाळलेलं चाक वेगात असताना फुटलं तर समोर उभ्या माणसाचं काही खरं नाही.

ह्यांनी खोक्यातून चाक काढलं आणि सरळ मशीनवर चढवलं.

"वाजवलं का?" मी विचारलं.

"नवं कोरं आहे. खोकंसुद्धा चेपलेलं नव्हतं."

"बाबा वाजवायचे."

"बाबांच्या वेळी चाकंच तसली यायची. तू तुझं टेबल सांभाळ."

मी टेबल सांभाळलं. नवरा-बायको एकाच खोलीत काम करतात तेव्हा प्रत्येक गोष्टीवर भांडायची सोय नसते. एखादी सोडून द्यावी लागते, आणि मी नेमकी ही सोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जबडे मिटवले तर टिक झालं नाही. लेथ सुरू झाले असतील म्हणून ऐकू आलं नसेल, असं मला वाटलं. शून्य बघितलं. ते सरकलेलं होतं. सहा शतांश मिलिमीटर, म्हणजे साधारण एका केसाएवढं. खरोखर केसच अडकला असेल म्हणून मी जबडे उघडले, पुसले, फुंकर मारली, पुन्हा मिटवले. पुन्हा तेवढंच.

मग खिडकीशी धरलं. जबड्यांत केसाएवढी फट असेल तर तेवढी उजेडाची रेघ दिसायला हवी. रेघ नव्हती. फट होती आणि तिच्यातून उजेड येत नव्हता.

४

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. माझं सगळं आयुष्य मोजून बघण्यात गेलं, आणि जे मोजता येतं त्याला काही ना काही कारण असतं. म्हणून मी कारण शोधायला बसले. जबडे रॉकेलने धुतले. भिंगातून कडा तपासल्या, कुठे खरवड नाही, कुठे गंज नाही. अचूक मापाचा पोलादी ठोकळा जबड्यांत धरला, तर तोही केसाएवढा जास्त भरला.

शेजारच्या लेथवरच्या टर्नरला हाक मारली. त्याला आम्ही रेडिओ म्हणतो, कारण तो बंद होत नाही. "जरा हा मिटवून बघ रे."

त्याने हात पुसले, व्हर्नियर घेतला, मिटवला. टिक. स्पष्ट ऐकू आला.

"शून्य आहे की, वहिनी. अगदी डोळ्यात तेल घालून बघितलं तरी शून्यच. तुमचा चष्मा कधी बदललात? माझ्या मेव्हण्याचं असंच झालं होतं, त्याला दोन दोन बायका दिसायच्या."

"मग?"

"मग काय, चष्मा केला. एकच राहिली. तेव्हापासून जरा उदास असतो."

मी हसले. त्याच्या हातून व्हर्नियर घेतला आणि त्याच्यासमोरच मिटवला. आवाज नाही. केसाएवढी फट. त्याला मात्र मी पूर्ण मिटवलेलाच नाही असं वाटलं. "दाबा की जरा," तो म्हणाला आणि आपल्या मशीनकडे गेला.

संध्याकाळी डोळे तपासून आले. नंबर होता तोच निघाला.

यंत्रात अशी चूक असली की आमच्या धंद्यात कोणी घाबरत नाही. त्याला शून्याची चूक म्हणतात. ती किती आहे ते बघायचं आणि प्रत्येक मापातून तेवढी वजा करायची. शाळेतली वजाबाकी, दुसरं काही नाही. मी तेच केलं. मोजलं, केसाएवढं वजा केलं, आणि रेडिओकडच्या मायक्रोमीटरशी, त्या आणखी बारीक मोजणाऱ्या मापकाशी, ताडून पाहिलं. मापं चोख जुळली. काम अडलं नाही. त्यामुळे मग मीही पुढे विचारलं नाही.

५

फट वाढत गेली.

केसाची कागदाएवढी झाली, मग पुठ्ठ्याएवढी. रोज सकाळी मी नवीन चूक बघायची आणि दिवसभर वजा करायची. वजाबाकी बरोबर येत होती हीच मोठी पंचाईत होती. मापं चुकली असती तर मी व्हर्नियर फडताळात टाकून दिला असता. पण एकही जॉब परत आला नाही.

मला आवाजाचा त्रास व्हायला लागला, म्हणजे नसलेल्या आवाजाचा. पोलादावर पोलाद मिटतं तेव्हा हाताला एक कोरडा ठोका लागतो. आता तो लागत नव्हता. जबडे शेवटी जरासे दबत होते, उशीवर डोकं टेकावं तसे. मी दाबून बघितलं तर किंचित आणखी दबायचे आणि सोडलं की परत यायचे. त्यानंतर मी दाबायचं बंद केलं. का, ते विचाराल तर सांगता येणार नाही. कोणाला तरी दुखेल असं वाटायचं, एवढंच.

दुपारच्या सुट्टीत खोली शांत झाली की मला टेबलाशी एकटीने बसवेना. मी डबा घेऊन बाहेर पायरीवर जायला लागले. ह्यांनी विचारलं, तर म्हटलं, आत उकडतं.

"उकडतं कुठे? पंखा तर तुझ्याच डोक्यावर आहे."

"म्हणूनच. केस उडतात."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पोळीचा घास तोंडात टाकला. त्यांना माझं खोटं कळतं, पण घाईत असले की पाठपुरावा करत नाहीत. त्या दिवसांत ते कायम घाईत होते. ऑर्डरचे शाफ्ट संपत आले होते आणि ग्राइंडिंग मशीन सकाळपासून संध्याकाळपर्यंत किंचाळत होतं.

रात्री जेवताना मी एवढंच म्हटलं, "बाबांचा व्हर्नियर शून्यावर येत नाही."

"जुना झाला. आकडे दाखवणारा नवीन घेऊन टाकू. हा काचेच्या कपाटात ठेव, बाबांच्या फोटोखाली."

मला राग यायला हवा होता. पण ते बोलताना त्यांचा आवाज जरा अडखळला आणि मला दिसलं की तेही कपाटातल्या फोटोकडे फारसे बघत नाहीत. मी त्यांच्या ताटात भाजी वाढली आणि विषय तिथेच थांबला.

६

त्या सकाळी स्वच्छ ऊन होतं. जबडे मिटवले, ते नखाएवढ्या अंतरावर थांबले. आता फट नुसत्या डोळ्यांनी दिसत होती. दोन जबडे आणि मध्ये काही नाही. मी सवयीने व्हर्नियर उन्हात धरला.

मधल्या जागेतून उजेड आला, पण तो लाल होता.

लहानपणी आपण सगळ्यांनी हे केलेलं असतं. दिव्यापुढे बोट धरायचं, की बोट आतून लालसर पेटल्यासारखं दिसतं. तसला लाल. खिडकीची काच साधी, मागे पांढरी भिंत, कुठेही लाल काही नाही. मी जबडे थोडे तिरके केले. लाल रंग तिरका झाला नाही, तो जिथे होता तिथेच राहिला.

मी व्हर्नियर टेबलावर ठेवला. ठेवताना आवाज झाला. माझ्या हातून असा आवाज कधीच झाला नव्हता.

मागे रेडिओ कोणाला तरी सांगत होता की घरी पाहुणे येणार आहेत. मी स्वतःला बजावलं की उन्हात डोळे दिपले. मग माप लिहून ठेवलं, आणि त्या दिवशीही तेवढंच वजा केलं. माणसाला वजा करायची सवय लागली की तो कशातूनही काहीही वजा करतो.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिकामे जबडे मिटवले नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पेटी उघडली, बंद केली, आणि इकडची तिकडची कामं करत बसले.

दुपारच्या सुमाराला ह्यांनी मागच्या कोपऱ्यातून हात वर केला. शेवटचे थोडे शाफ्ट उरले होते. एका शाफ्टचं माप मशीनवरच घ्यायचं होतं, म्हणजे आणखी किती घासायचं ते कळलं असतं. अशा वेळी मीच व्हर्नियर घेऊन जाते. नेहमीची गोष्ट.

मी गेले. त्यांनी चाक मागे घेतलं, शाफ्ट थांबवला, पण चाक फिरतंच ठेवलं. ते सगळे तसंच करतात, चाक थांबवायचं म्हणजे पुन्हा वेग येईपर्यंत वेळ जातो. ते चाकाच्या बरोबर समोर उभे होते, एक हात चाक पुढे घ्यायच्या दांड्यावर ठेवून. मी बाजूने वाकले आणि जबडे शाफ्टवर आणले.

जबडे शाफ्टला टेकले नाहीत. बोटभर अंतरावर थांबले.

मी सरकपट्टी लोटली. ती जराशी दबली आणि परत आली. मशीनवरचा दिवा पलीकडून थेट जबड्यांवर येत होता आणि मधल्या जागेत तो लाल उजेड होता, आता आख्ख्या बोटाच्या रुंदीचा. त्याच्या टोकाशी, जिथे नख असतं तिथे, मधोमध एक काळी बारीक रेघ होती. दुभंगलेली.

मी किंचाळले नाही. इथे ओरडायचं नाही. खरं सांगते, भीतीच्याही आधी मला ओळख पटली. मला वर बघायचं होतं आणि वर बघायची हिंमत नव्हती, म्हणून मी त्या बोटानंतर नेहमी जे करायचे तेच केलं. मान कलती केली आणि ऐकलं.

चाकाचा सूं आवाज. त्याच्याखाली मशीनच्या पट्ट्याची फडफड. आणि त्याच्याही खाली, दर फेऱ्याला एकदा, काही तरी. ठोका नाही, ठोक्याची सावली म्हणा. हा आवाज किती दिवस तिथे होता कोण जाणे.

"बंद करा," मी म्हटलं.

"किती भरलं?"

"मशीन बंद करा."

"हा एवढा उरकतो, मग सगळंच बंद. किती भरलं सांग ना." आणि त्यांचा हात दांड्यावर वळला. चाक शाफ्टला टेकलं असतं तर त्यावर सगळा जोर आला असता.

मी ओरडले नाही, हात ओढला नाही. माझी तर्जनी त्यांची मूठ आणि दांडा यांच्यामध्ये घातली आणि मान कलती केली.

हे थांबले. त्यांचा चेहरा असा झाला, जसा तरुणपणी बाबांनी बोट मध्ये घातलं तेव्हा झाला असेल. त्यांनी माझ्या बोटाकडे बघितलं, मग माझ्या खांद्यावरून मागे, आणि पटकन नजर खाली वळवली. त्यांनी तिथे काय पाहिलं ते मी कधी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. लाल बटण दाबलं आणि मशीन हळूहळू शांत झालं.

८

चाक उतरवायला वेळ लागला, त्यांच्या हातून पाना दोनदा निसटला. रेडिओ आला, आमच्या तोंडांकडे बघून चक्क गप्प उभा राहिला. चाक दोरीला टांगलं. ह्यांनी लाकडी मुठीने हलकेच टोला दिला.

ठप्प.

दुसऱ्या बाजूने दिला. ठप्प. ओल्या भिंतीवर थाप मारावी तसा.

ह्यांनी चाक उतरवून घेण्यासाठी दोन्ही हातांनी धरलं आणि त्याचा एक तुकडा, चंद्रकोरीसारखा, त्यांच्या हातात सुटून आला. उरलेलं चाक दोरीला हेलकावे खात राहिलं. ते उभे असायचे ती जागा आणि चाकाची जागा यांच्यात हातभर अंतर असतं. तिथे चाकावरचा गार्ड, म्हणजे लोखंडी झाकण, उघडा असतो, कारण तिथूनच काम दिसतं.

ते खाली फरशीवर बसले, तुकडा मांडीवर घेऊन. म्हणाले, "तुला कसं कळलं?"

"बाबांनी सांगितलं," मी म्हटलं. याहून खरं काही मला सुचलं नाही.

त्यांनी मान हलवली. मग बाहीने तोंड पुसलं. रेडिओने न सांगता तिघांसाठी चहा आणला.

मी टेबलाशी परत गेले. व्हर्नियर पुसला, आणि पुसताना मला ते उमगलं. चाक चढवलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून बाबा मध्ये बोट घालत होते, आधी केसाएवढं, मग जास्त. आणि मी इमानेइतबारे रोज ते वजा करत होते. मला रडू आलं. भीतीचं नव्हतं ते. गेलेल्या माणसाने इतकं कष्टाने, इतकं थोडं थोडं करून आपल्यापर्यंत यावं, आणि तेही एकदासुद्धा न ओरडता, म्हणून आलं.

९

त्यानंतर आकडे दाखवणारा नवीन कॅलिपर आला. जॉब मी त्याच्यावरच मोजते. पण सकाळी आधी खिडकीशी जायचं ते बाबांचा व्हर्नियर घेऊनच. जबडे मिटवायचे, अगदी हळू. ते बोटावर थांबायचे. मी उन्हात धरायचे, लाल दिसायचं. मनात म्हणायचे, बाबा, तुमचा मुलगा धडधाकट आहे. मग दिवस सुरू.

ह्यांच्यात हळूहळू फरक पडला. माप घ्यायचं तर चाक पूर्ण थांबवायला लागले. जेवणाच्या सुट्टीत मशीनशी उभं राहून नुसतं ऐकायला लागले. रेडिओ म्हणाला, दादांना आता माझ्यापेक्षा मशीनच्या गप्पा आवडतात. आणि जसजशी त्यांची घाई ओसरली तसतसं माझ्या जबड्यांतलं बोट बारीक होत गेलं. नखाएवढं. पुठ्ठ्याएवढं. कागदाएवढं. एका सकाळी ते केसावर आलं, आणि ज्या शून्यासाठी मी कधी काळी रॉकेलने जबडे धुतले होते, त्याच शून्याची मला धास्ती बसली.

त्याच दिवशी पुन्हा एक नवं चाक आलं. माल दुपारी जायचा होता. ह्यांनी खोकं उघडलं, चाक काढलं आणि बोलता बोलता सरळ मशीनकडे वळले. दोरी खुंटीलाच लटकत होती.

मी टेबलाशी होते, हातात व्हर्नियर होता. मी बघत होते आणि गप्प होते. त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते लपवत नाही. चढवू देत तसंच, असं आलं. उद्या सकाळी जबडे केसावर नसतील. फट पुन्हा कागदाएवढी होईल. बाबा राहतील.

तेवढ्यात हातातले जबडे मला जड लागले. दबल्यासारखे. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

"अहो," मी म्हटलं, "वाजवा आधी."

ते थबकले, कपाळावर हात मारून घेतला, परत फिरले. चाक दोरीला टांगलं. टोला दिला. टण्. तो आवाज खोलीभर घुमला, लेथच्या आवाजावरून, खिडकीच्या काचेपर्यंत, आणि बराच वेळ विरला नाही. ह्यांनी माझ्याकडे बघून मान कलती केली. अगदी बाबांसारखी.

मी जबडे मिटवले.

टिक.

खिडकीशी धरलं. उजेडाची रेघ नव्हती, लाल काही नव्हतं, शून्य शून्यावर होतं. मी कामाला लागले.

संध्याकाळी मी व्हर्नियर अजूनही तसाच ठेवते. मऊ फडक्याने पुसते, तेलाचा हात फिरवते, पेटीत ठेवताना जबड्यांत फट ठेवते. बाबांनी सांगितली होती तेवढी नाही. जरा जास्त ठेवते, बोट मावेल एवढी.